दहाव्याला आलेला हंस

सासऱ्याच्या दहाव्याला दुर्बीण घेऊन जायचं, हा निर्णय अनंतरावांनी पूर्ण विचार करून घेतला होता. (बी. ए. झालेला माणूस कुठलाही मूर्खपणा विचाराशिवाय करत नाही.) लोणावळ्याच्या या रेल्वे कारकुनाला एकच ध्यास होता. थंडीत उत्तरेकडून येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस मावळात प्रथम आपण पाहिला, असं वर्तमानपत्रात छापून यावं. गेल्या साली त्यांनी तशी बातमी धाडलीही होती. तो हंस कुणाच्याशा बंगल्यातलं पाळीव बदक निघाला. तेव्हापासून संपादक त्यांच्या पत्राला उत्तर देत नव्हते. आता पट्टे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लेखणी उचलायची सोय उरली नव्हती.

सासऱ्यांचा, म्हणजे दत्तोबांचा, दहावा वलवणच्या तळ्याकाठी होता. पिंड मांडले, मंडळी मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागली, आणि नेमका तेव्हाच पाण्यावर एक राखी पाहुणा उतरला. अनंतराव हळूच झुडपाआड झाले. दुर्बिणीत चोच दिसली, मान दिसली. मग पाहुण्याने डोकं पंखात खुपसलं. एवढ्यात पिंडाकडे निघालेले कावळे कलकलाट करीत आले. हंस बिचकला. अनंतरावांनी खडा भिरकावला. कावळे पांगले. पुन्हा आले, पुन्हा खडा.

मंडळींना खडा दिसेना. पिंडाजवळ येऊन कावळा माघारी फिरतो, एवढंच दिसे.

"आबा, बैल इकनार न्हाई," मेहुणा भिमाजी हात जोडून म्हणाला.

कावळा फिरकला नाही.

"धाकलीचं लगीन यंदाच करतो."

छे. ऊन चढलं तसा भिमाजी विहीर खणायला आणि तंबाखू सोडायलाही कबूल झाला. गुरुजींची भूक आता चेहऱ्यावर दिसू लागली. "दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ," ते म्हणाले.

"गप ऱ्हावा," सासूबाई झुंबरबाई म्हणाल्या. "धन्याचा जीव कशात तरी आडकलाय. जावई कुटं हायेत?"

अनंतरावांच्या पत्नी लीलाबाईंनी वळून पाहिलं. झुडपातून एक ओळखीचा हात वर आला, खडा सुटला, हात झुडपात गेला. चारचौघांत नवऱ्याची अब्रू काढणाऱ्या बायकांतल्या त्या नव्हत्या. (त्यासाठी घर होतं.) पिंडापुढे हात जोडून, झुडपापर्यंत पोचेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "आबा, जावयाच्या दुर्बिणीचा तुम्हाला फार राग होता ना? हे आजच ती विकतील. मी शब्द देते."

झुडपातला वर आलेला हात खड्यासकट खाली गेला. कावळा पिंडावर उतरला.

"बगा," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "गेलं, पर हट न्हाई सोडला."

मंडळींच्या गलक्याने हंस उडाला.

"लीला, तो आता डोकं बाहेर काढणारच होता," अनंतराव कळवळले.

"तुम्हीही काढा. पानं वाढलीत."

पिंडापुढे दिलेला शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. दुर्बीण गुरुजींनी विकत घेतली. कावळा कुठवर आलाय, हे यजमानांना आधीच सांगायची त्यांची सोय झाली.

पौषात वर्तमानपत्रात बातमी झळकली : वलवणच्या तळ्यावर उत्तरेचा हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. प्रथम पाहणारे म्हणून गुरुजींचं नाव होतं. खाली संपादकांची टीप होती : 'वृत्त विश्वसनीय आहे. ते अनंतरावांकडून आलेले नाही.'