आधी पुसा, मग पुसा

आमच्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर राहणारे मगदूम अण्णा माणसाला नमस्कार करत नाहीत. माणूस सायकलवरून आला असेल तर ते वाकून आधी पुढच्या चाकावर अंगठा दाबतात, मग मागच्या, आणि दोन्हींत हवा पुरेशी असेल तरच मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघतात. हवा कमी असेल तर बघत नाहीत. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर गेली चार वर्षं सायकलवरून येतात, पण अण्णांना त्यांचं आडनाव माहीत नाही. अण्णा त्यांना ‘मागचा ब्रेक सैल’ म्हणून ओळखतात. आमच्या सोसायटीचे चेअरमन मोटारसायकलवर फिरतात, त्यामुळे त्यांना अण्णा कशानेच ओळखत नाहीत.

अण्णा सत्तरीचे आहेत. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत सदतीस वर्षं लेथवर उभे राहून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. सकाळी देवळात जाऊन येतात, दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि मधला सगळा वेळ पार्किंगमध्ये एका लोखंडी स्टुलावर बसून काढतात. डावा पाय किंचित ओढत चालतात. पण आमच्या बिल्डिंगमध्ये साठीच्या पुढचा कोणीच सरळ चालत नाही, त्यामुळे तिकडे माझं कधी फारसं लक्ष गेलं नव्हतं.

मी इथेच राजारामपुरीत गणिताचा क्लास घेतो. गेल्या वर्षी रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, ‘चाला, नाहीतर सायकल चालवा.’ चालायचा मला कंटाळा, म्हणून मी सायकल निवडली. आजऱ्याला माझ्या थोरल्या भावाकडे एक जुनी सायकल पडून होती. ती त्यानं तांदळाच्या टेम्पोतून पाठवून दिली. टेम्पोवाल्यानं ती पार्किंगमध्ये टेकवली आणि अण्णा स्टुलावरून उठले. तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून त्यांनी विचारलं,

“किती वर्सं पडून हाय?”

“आठेक.”

“मास्तर, मी कुणाला शिव्या देत न्हाय. पण द्याव्यात अशी येळ आलीया.”

मी हसून म्हणालो, “अण्णा, जरा चालू करून द्या की.”

“करून देनार न्हाय. करून दिलं की माणूस हाय तसाच ऱ्हातोय. शिकवतो. फडकं आणा.”

अण्णांच्या सगळ्या विद्येची सुरुवात फडक्यापासून होते. त्यांचं एक वाक्य आहे, ते दिवसातून दहा वेळा कानावर पडतं: “आधी पुसा, मग पुसा.” म्हणजे आधी सायकल पुसा आणि मग काय बिघडलंय ते मला विचारा. त्यांच्या मते निम्मे बिघाड पुसतानाच दिसतात आणि उरलेले पुसण्यानंच जातात. मी घाईनं बादलीभर पाणी ओतणार होतो, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. मागच्या मडगार्डाखाली मुंग्यांचं बिऱ्हाड होतं. अण्णांनी वहीचा एक कागद मुडपून त्या मुंग्यांना, अंड्यांसकट, सावकाश कुंडीत नेऊन सोडलं. त्यात अर्धा तास गेला. माझा संध्याकाळचा क्लास त्या दिवशी उशिरा सुरू झाला.

पहिला आठवडा मी नुसता पुसत होतो. मी चेन पुसली, तारा पुसल्या, चाकाच्या मधल्या डब्यातले छर्रे काढून रॉकेलात धुतले. त्यातले दोन गटारात गेले. अण्णा स्टुलावर हात मागे बांधून बसायचे आणि पान्ह्याला बोट लावायचे नाहीत. मी चुकीचा नट धरला की ते फक्त खाकरायचे. मी आणखी चुकलो की दुसऱ्यांदा खाकरायचे. तिसऱ्यांदा म्हणायचे, “बरं, तुटू दे. तुटल्यावर ध्यानात ऱ्हातंय.” आणि ते खरोखरच तुटू द्यायचे.

पंक्चरचा धडा मला जन्मभर पुरेल. घमेल्यात पाणी घेऊन, ट्यूब फुगवून, बुडबुडे कुठून येतात ते मी शोधलं. जागा कोरडी केली, घासली, सोल्यूशन लावलं. ते लावल्या लावल्या मी पॅच चिकटवायला गेलो, तर अण्णा खाकरले.

“वाळू दे.”

“किती वेळ?”

“तुमाला वाटतंय त्येच्या दुप्पट.”

पॅच झकास बसला. मग मी उत्साहाच्या भरात स्क्रू ड्रायव्हर घालून टायर रिंगवर चढवला आणि हवा मारू लागलो. वीस पंप मारले तरी चाक फुगेना. ट्यूब परत बाहेर काढली. माझ्या स्क्रू ड्रायव्हरनं तिला दोन नवी भोकं पाडली होती.

अण्णांनी ती उजेडात धरून पाहिली. “एक बुजवलं, दोन पाडली. गणितात ह्येला काय म्हणत्यात, मास्तर?”

त्यांनी टायर चढवण्याची शेवटची वीत फक्त अंगठ्यानं कशी ढकलायची ते हवेतच करून दाखवलं. माझे अंगठे तीन दिवस सुजले होते. क्लासमध्ये खडू धरता येईना, म्हणून मुलांना तोंडी प्रमेयं सांगितली.

पण हळूहळू जमू लागलं. ब्रेकची केबल ओढून घ्यायला आली. चेन दोन बोटांनी धरून चढवायला आली. चाक उचलून फिरवलं की कुठली तार ढिली आहे हे कानाला कळू लागलं. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी अण्णांनी मला मागचं चाक पूर्ण खोलून परत बसवायला लावलं आणि स्वतः घरात जेवायला निघून गेले. ते परत आले तेव्हा चाक बसलेलं होतं आणि जमिनीवर एकही सुटा भाग उरलेला नव्हता. त्यांनी चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. थांबल्यावर अण्णा म्हणाले, “आता तुमचं माज्याकडं काय काम न्हाय.”

मी ती शाबासकी समजलो. खुशीत घरी येऊन बायकोला सांगितलं.

त्यानंतर मी रोज सकाळी सायकल काढून विद्यापीठाकडे जाऊ लागलो. जाताना अण्णांना हात करायचो. थांबायचं तसं कारण नसायचं. महिना असाच गेला. मग एका रविवारी अण्णांनी मला हाक मारली.

“थांबा. चेन वाजतीया.”

मी उतरलो, पुसली, तेल दिलं. चेन वाजत नव्हती. पुढच्या रविवारी ते म्हणाले, मागचं चाक डुलतंय. मी सायकल उलटी करून चाक फिरवलं. ते रेषेत होतं. अण्णा जवळ उभे राहून बघत होते. त्यांनी ब्रेक कसा आहे विचारलं, टायर कुठून घेतला विचारलं, क्लासमध्ये यंदा मुलं किती म्हणून विचारलं. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, सीट एका अंगाला झुकलीय. मला उशीर होत होता.

“अण्णा, सायकलला काहीही झालेलं नाही,” मी म्हणालो.

अण्णांनी सीटवरचा हात काढला. “व्हय,” ते म्हणाले. “न्हाय झालेलं.”

आणि स्टुलाकडे वळले. सारवासारव करावी म्हणून मी म्हणालो, “त्यापेक्षा माझ्याबरोबर चला की. समोरच्या डॉक्टरांची सायकल मागून घेतो. दोघं जाऊन येऊ.”

“मला येत न्हाय.”

“काय येत नाही?”

“सायकल.”

मला वाटलं चेष्टा करतायत. अण्णा चेष्टा करताना डावीकडे बघतात. आता ते माझ्याकडे बघत होते.

“तिसऱ्या वर्साला ताप आला, त्यात हा पाय गेला. पायडल मारायला जोर न्हाय ह्यात. तुम्ही इचारलं न्हाईसा, मी सांगिटलं न्हाय.”

मी सायकल स्टँडला लावली. अण्णा स्टुलावर बसले आणि प्रथमच स्वतःविषयी बोलले. आवाज नेहमीचाच होता, नट किती आवळायचा ते सांगताना असतो तसा.

“आमचं गाव तिकडं सीमेकडं. शाळा सहा किलोमीटरवर. पाच पोरं, तीन सायकली. मला कॅरियरवर घ्यायची, न्हाय म्हणायची न्हाईत. पण चढ आला की उतर म्हणायची. मी उतरलो की पुढं निघून जायची, मग मी येकटाच चालत शाळंत. रोजच. एक दिवस त्यातल्या भूपालची चेन पडली. मधी पार अडकलीती. तिघांनी वडली, निघंना. मी मागनं चालत आलो आणि काढून दिली. कसं आलं ते मला बी ठावं न्हवतं. बोटं घातली, आलं. दुसऱ्या दिवसापासनं चढाच्या वर थांबाय लागली माज्यासाठी. दुरुस्त करणाऱ्याला मागं कोन सोडतंय? मग मी समदं शिकून घेतलं.”

“आणि भूपाल?”

“भूपाल म्हणला, मला बी शिकीव. शिकिवलं. हुशार हुता, चार दिसांत शिकला.”

“मग?”

“मग काय. शिकल्यावर थांबायचं काम काय त्येला? गेला पुढं.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “शिकलेला माणूस जातोयच, मास्तर. जायलाच पायजे. न्हाईतर शिकवायचं कशाला?”

मला त्या महिनाभरातलं माझं हात करून निघून जाणं आठवलं.

“कॅरियरवर बसाल?” मी विचारलं.

अण्णांनी कॅरियर हलवून बघितला, त्याचे दोन्ही नट चाचपले. “पन्नास किलो हाय मी,” ते म्हणाले. “तुमचं तुम्ही बगा.”

ते एका अंगाला पाय सोडून बसले. पहिले वीस-पंचवीस फूट आम्ही गल्लीभर नागमोडी गेलो. दुधाच्या गाडीवाल्यानं गाडी बाजूला घेऊन आम्हाला वाट दिली. मग तोल सापडला. अण्णांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. लेथवरच्या सदतीस वर्षांचा हात तो, जड होता. दुकानं अजून उघडायची होती, रस्ता मोकळा होता. मी दोनदा विचारलं, ठीक आहे ना. दोन्ही वेळा खांद्यावर फक्त बोटं दाबली गेली.

विद्यापीठाच्या अलीकडे चढ लागतो. मला एकट्यालाही तो दमवतो. पायडलं जड झाली, मी उभं राहून रेटू लागलो, आणि मागून आवाज आला, “थांबा. मी उतरतो.”

ते उतरले. मीही उतरलो.

“तुम्ही कशाला? तुम्ही जावा वर. मी येतो सावकाश.”

“घाई नाही,” मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग चढाकडे. एक हात कॅरियरवर ठेवला. मी हँडल धरलं, आणि सायकल मधे घेऊन आम्ही दोघं चालू लागलो.