माशाच्या काट्याची गोधडी

माशाच्या काट्याची नक्षी मला कुणी शिकवायला नको होती. मूंटा गावापासून वॉलरूपर्यंत, आमच्या या दक्षिणेकडच्या किनारपट्टीवरच्या निम्म्या घरांतली लाकडी जमीन मी बसवली आहे. एक फळी डावीकडे कलती, एक उजवीकडे, मधून कण्यासारखी सरळ रेघ. आता फळीच्या जागी कापडाची पट्टी, एवढाच काय तो फरक! म्हणून बायकोची राहिलेली गोधडी आपण पुरी करायची असं ठरवलं, तेव्हा शेजारच्या थोरा हॉकिंगला मी छातीठोकपणे सांगितलं, "आठवड्यात उरकतो."

"लाकूड ताणत नाही, डेन्झिल," ती म्हणाली. "कापड ताणतं."

"माझ्या हाताखाली ताणायची कुणाची टाप नाही."

थोराने नुसता चष्मा पुसला. त्या पुसण्यातच मी काय ते समजायला हवं होतं.

नेरिडा मार्चमध्ये गेली. शेवटी शेवटी ती उशीला टेकून पट्ट्या कापत बसायची. माझे विटलेले शर्ट, जुने पडदे, लेकीचे शाळेतले फ्रॉक. आमची लेक एकच, टॅमसिन. ती तिकडे वर, पार उत्तरेला, डार्विनला असते. "गोधडी तिच्यासाठी आहे, पण तिला बोलू नकोस," असं नेरिडाने मला बजावलं होतं. पट्ट्यांनी टोपली भरली आणि शिवायचं राहूनच गेलं. पुढे मला त्या टोपलीकडे बघवेना, आणि जागची हलववेनाही. जूनमध्ये आमच्याकडे थंडी पडायला लागली तसा एक दिवस मनाचा हिय्या करून मी तिच्या मशीनवर बसलो.

आता खरं सांगतो, लाकडाला बिचाऱ्याला अब्रूची चाड असते. कापडाला नसते. तिरक्या कापलेल्या कडा मी सरळ करायला ओढाव्यात, तर त्या लांबच होत जायच्या. वर मी इस्त्रीची वाफ सोडली, त्याने तर त्यांना ऊतच आला. जे तयार झालं ते बघून थोरा म्हणाली, "पलंगावर घालणार आहेस की होडीला शीड म्हणून बांधणार आहेस?"

सगळं उसवलं. उसवताना निम्म्या पट्ट्यांच्या चिंध्या झाल्या. थोरा रोज दुपारी पास्टी, म्हणजे आमच्याकडची खिम्याची करंजी, घेऊन यायची आणि मला शिव्या घालत शिकवायची. पण कापड काही पुरेना.

अशात टॅमसिनचा फोन आला.

"बाबा, नीट जेवतोस ना?"

"थोरा आणते की काहीतरी. दुपारभर इथेच असते."

"दुपारभर?"

"काल आम्ही पलंगाचं माप घेतलं. दोघांना ऐसपैस पुरेल असं करायचं म्हणतोय."

मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, आईच्या कपाटात माझी कापडी पिशवी आहे. ती जपून ठेव."

जमिनी घासायच्या मशीनने माझा डावा कान कधीच खाल्ला आहे, आणि फोन नेमका त्याच कानाला होता. मी ऐकलं, कापून ठेव. मला भरूनच आलं. म्हटलं, बघा, गोधडीला कापड कमी पडतंय हे पोरीला मी न सांगता कळलं, थोराच बोलली असणार.

पिशवीचं तोंड घट्ट बांधलेलं होतं. आत नेरिडाचा घरात घालायचा फिकट जांभळा फ्लॅनेलचा गाऊन होता. तो बघून हात थांबला माझा. खोटं कशाला बोलू, कात्री खाली ठेवून मी परसात एक चक्कर मारून आलो. गाऊनच्या खिशात खोकल्याची एक गोळी निघाली. टाकून देववेना, म्हणून तोंडात टाकली. मग लेकीची इच्छा म्हणून डोळे मिटून पहिली कात्री चालवली.

पुढच्याच आठवड्यात टॅमसिन न कळवता दारात हजर! दार उघडंच होतं. ती थेट आमच्या झोपायच्या खोलीत आली. आत मी आणि थोरा अनवाणी, जमिनीवर गुडघे टेकून, एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून. दोघांच्या तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलायची सोय नाही.

"आईला जाऊन चार महिने नाही झाले," ती म्हणाली. "निदान दुसऱ्या खोलीत तरी..."

थोराने तोंडातली एकेक टाचणी काढून शिवणाच्या छोट्या उशीत खोचली. मग म्हणाली, "टॅमसिन, मला या माणसाबरोबर धड गोधडी शिवता येईना. संसार काय करणार मी?"

तेव्हा कुठे टॅमसिनने खाली बघितलं. आपले फ्रॉक ओळखले. माझे शर्ट ओळखले. मग तिची नजर जांभळ्या पट्ट्यांवर थांबली.

"हे कुठून आणलं?"

"तुझ्याच पिशवीतून. तूच म्हणालीस ना, कापून ठेव?"

"जपून म्हटलं मी, बाबा. जपून."

ती खाली बसली. एक जांभळी पट्टी नाकाशी नेली, मग दुसरी, मग तिसरी.

"इस्त्रीचा वास येतोय," ती म्हणाली. "मी पोचले तेव्हा आई गेलेली होती. गाऊन दारामागे टांगलेला होता, त्याला तिचा वास होता. म्हणून तर बांधून ठेवला मी."

आईला मूठमाती देताना ती रडली नव्हती. पाहुण्यांना चहा देत फिरत होती. आता मात्र ती अशी रडली, की मला जवळ जावं की नाही तेही कळेना.

"मी उसवतो सगळं," मी म्हटलं.

"उसवून वास येणार आहे का परत?"

मी म्हटलं, "हाच गाऊन घालून ती पट्ट्या कापत बसायची. तुझ्यासाठी. तुला सांगायचं नव्हतं."

तिने नाक पुसलं. "खिशात काही होतं?"

"खोकल्याची गोळी होती."

"कुठे आहे?"

मी जमिनीकडे बघायला लागलो.

"खाल्ली असणार त्याने," थोरा म्हणाली.

टॅमसिनला रडता रडता हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू. मग तिने बाह्या वर सारल्या आणि आईच्या मशीनवर जाऊन बसली. "सरक, बाबा. अजून किती राहिलंय?"

ती सुट्टी वाढवून राहिली. आम्ही रोज भांडलो, रोज शिवलं. ती म्हणायची मी ओढतो, मी म्हणायचो ती ढकलते. थोरा म्हणायची, "नेरिडाने तुम्हा दोघांना सोसलं तरी कसं?" गोधडी शेवटी झाली, तरी एका कुशीवर कललेलीच. जाताना टॅमसिनने ती घडी करून उराशी धरूनच विमानात नेली.

आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, की डार्विनच्या उकाड्यात माणसाला अंगावर चादरसुद्धा सोसवत नाही.

डिसेंबरात, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, तिचा फोन आला. या खेपेला मी उजवा कान दिला. आवाज दाटलेला होता.

"काय गं, रडतेस का?"

"नाही, बाबा. गोधडी घेता यावी म्हणून एसी फुल्ल केला होता. सर्दी झाली."