पिशवीसकट

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी सरकारी बागेत एका पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण झालं. पाहुण्यांनी रोप प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं, फोटो काढून घेतला आणि हात धुतले. सगळे चहाला गेल्यावर बाबांनी रोप उकरलं, पिशवी फाडली, मुळं मोकळी केली आणि पुन्हा लावलं. छत्तीस वर्षं हेच. घरी येऊन म्हणाले, "आजचे साहेब बरे होते गं. खड्डा तरी ओळखला त्यांनी."

दोन महिन्यांनी खात्याने प्रांतातील उद्यानकलेचा इतिहास छापायला घेतला. मसुद्यात बागेतली दोनशे बारा झाडं होती आणि ती लावणारे दोनशे बारा मान्यवर. बाबांचं नाव कुठेच नव्हतं. मी हरकत नोंदवायला गेले.

इतिहास विभागाचे कारकून फार सौजन्याने बोलले. "ताई, पुरावा?"

मी फाटक्या पिशव्यांचं गाठोडं टेबलावर ठेवलं. बाबा त्या धुऊन, तारीख घालून ठेवायचे.

हरकत ग्राह्य धरण्यात आली. समिती बसली. निष्कर्ष असा : मान्यवरांनी लावलेली रोपं एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने विनापरवाना उपटली, सबब, आज उभी असलेली झाडं ही ऐतिहासिक झाडं नसून अतिक्रमण आहे. ते तोडून मूळ मान्यवरांच्या, ते हयात नसल्यास वारसांच्या हस्ते फेरलागवड करावी.

"पिशवीसकट?" मी विचारलं.

"मूळ पद्धतीनेच," कारकून म्हणाले. "इतिहासात ढवळाढवळ नको."

"आणि मी हरकत मागे घेतली तर?"

"मग काही घडलंच नाही. झाडं राहतील. वडिलांचं नाव तेवढं येणार नाही."

मी माघारीचा अर्ज मागितला. तो भरता भरता त्यांनी हरकतीला जोडलेली माझी कागदपत्रं चाळली आणि ते थबकले.

"अहो, इथे वडिलांचा व्यवसाय 'अधिकारी' लिहिलाय. नोकरीचा अर्ज, लग्नाची नोंदणी, सगळीकडे. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"म्हणजे आम्ही आत्ता वगळलं, तुम्ही आमच्या कितीतरी आधी." टोमणा नव्हता, ते तारखा जुळवत होते. "मग इथेही अधिकारीच घालू?"

माझ्या मागे रांग होती. तुमच्यासारखीच शिकलेली, बऱ्या घरांतली माणसं. त्या झाडांच्या सावलीत रोज सकाळी फिरणारी.

"माळी," मी म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"माझे बाबा माळी होते."