माझी कच्ची मान

आमच्या वाड्यावर मोटारसायकल शिकायची तर आधी पडायला शिकावं लागतं. तुकोभाऊंचा तो नियमच आहे. मळ्यात भाताच्या गवताचा ढीग, शेजारी बंद गाडी, गाडीवर शिकाऊ माणूस, आणि तुकोभाऊ शांतपणे सांगतात, "आता पड." पडला की म्हणतात, "तसां न्हय. गाडयेक सोडून पड. तिका मिठी मारून पडलंस तर हाडां तुझीच मोडतली."

तुकोभाऊ पायलट आहेत. विमानाचे नव्हेत, पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलचे. मागे माणूस बसवून वाड्यावरून बसस्टॉपवर नेतात. रस्ता खनिजाच्या ट्रकांचा. पावसात लाल चिखल, उन्हात लाल धूळ. या रस्त्यावर जो शिकला तो कुठेही चालवील, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे उपदेश सगळ्या वाड्याला पाठ आहेत. पुढचा ब्रेक म्हणजे सासू, कामाला येते, पण चिखलात तिच्या वाटेला जायचं नाही. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, म्हणून जायचं असेल तिथे बघायचं. एक मास्तर पांढरी पँट घालून शिकायला आले, तर त्यांना आधी चिखलात बसवलं. कपड्यांची भीती गेली की गाडीची जाते म्हणे. मास्तर गाडी शिकले, पण पँट बायकोने पायपुसण्याला घेतली.

माझ्या मुलीने मला स्कूटर घेऊन दिली तेव्हा मीही तुकोभाऊंकडे शिकायला गेले. गवतात रीतसर पडले. बाकीची माणसं आठवड्यात शिकून जात. माझं मात्र पावसाळा संपला तरी संपेना. ब्रेक जमला, चिखल जमला, पण तुकोभाऊ मागून निरखून बघत आणि डोकं हलवत.

"वयनी, तुमची मान अजून कच्ची आसा."

मान कशी पिकते ते विचारायचं धाडस मला झालं नाही. मी माणसांशी फार बोलत नाही. तोवर दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाताना बसस्टॉपपर्यंत त्यांच्याच मागे बसायचे. ते वाटभर बोलत, घरी एकट्याने रांधलेल्या माशाच्या हुमणापासून कार्बुरेटरपर्यंत. मी मागून "हूं" म्हणायचे.

मग एका शुक्रवारी माझा धीर वाढला. बाजाराची पिशवी घरीच ठेवली आणि कुणाला न सांगता, नुसतं बघावं म्हणून, स्कूटर काढली. मान कच्ची असल्याचं कुठेच जाणवलं नाही. पिंपळाच्या वळणावर आले आणि समोर पायलटांचा थांबा दिसला. पूर्वी तिथे पिवळ्या मडगार्डांची रांग असायची. आता तुकोभाऊंची एकच गाडी. रस्त्यावरून आमच्याच वाड्यावरची माणसं आपापल्या गाड्यांवरून जात होती, झाडून सगळी तुकोभाऊंनी शिकवलेली. ते प्रत्येकाला ओरडून सांगत होते, "कोपर आत घे." एकही जण थांबत नव्हता.

मग ते वाकले आणि फडक्याने मागची सीट पुसू लागले. पुढची तशीच धुळीने लाल. मागची मात्र पुसून, हात फिरवून, पुन्हा पुसली. आज शुक्रवार होता.

त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी तिथल्या तिथे, पाय न टेकता, अरुंद रस्त्यावर स्कूटर वळवली. ते वळण भल्याभल्यांना जमत नाही. घरी येऊन स्कूटरवर जुनं लुगडं टाकलं, पिशवी घेतली आणि चालत थांब्यावर गेले.

तुकोभाऊंनी माझ्या पायांकडे बघितलं, मग रिकाम्या रस्त्याकडे. "उशीर झालो. माका वाटलां, आज स्कूटर घेवन गेलात."

"तुम्हीच म्हणता ना, मान कच्ची आसा."

ते बराच वेळ किक मारायचं विसरले. मग म्हणाले, "आसाच ती. बसा."

गाडी सुटली. काल हुमणात आमसुलं जास्त पडली, ते सांगू लागले.

"हूं," मी म्हटलं.