राग, साठ किलो

जगात जे आहे ते काट्यावर भरतं. जे भरत नाही, ती अफवा समजावी. कमलनगरचे निवृत्त विज्ञान शिक्षक रेवणसिद्धप्पा यांना हे महान तत्त्व सापडलं, आणि ते तपासण्यात वेळ न घालवता त्यांनी लगेच 'पदार्थप्रथम मंडळ' स्थापन केलं. सभासद तीन. (चौथ्याला शंका आली. शंकेला वजन नसल्यानं त्यालाच वगळलं.) पहिल्याच बैठकीत मन, आत्मा, आठवण, नातं आणि उचकी रद्द झाली. उचकीबाबत थोडे मतभेद होते.

नातं रद्द झाल्यामुळं सर बिदरला मेहुणीच्या घरभरणीला गेले नाहीत. पत्नी चन्नव्वा एकट्याच जाऊन आल्या आणि तीन दिवस बोलल्या नाहीत.

"राग आलाय व्हय?" सर म्हणाले. "राग ही वस्तूच न्हाई. काट्यावर दाखव."

"आन् तुमचा नियम? त्यो किती भरतो?"

सरांच्या पोटात गोळा आला. (गोळ्याची नोंद घेतली गेली नाही.) त्यांनी काटा काढला. कोरा कागद चार ग्रॅम. नियम लिहिलेला कागदही चारच ग्रॅम. म्हणजे नियम शून्य!

मंडळाची तातडीची बैठक भरली. नियम पाथरवटाकडून शहाबादी फरशीवर कोरून घ्यावा, असं ठरलं. तो बेचाळीस किलो भरला. (कोरण्याआधी फरशी किती होती हे कुणी विचारू नये, असाही ठराव झाला.) आता नियम नुसता खरा नव्हता, तो दोघांनाही उचलेना.

चन्नव्वा त्याच पाथरवटाकडे गेल्या. चार दिवसांनी दारात टेम्पो थांबला. फरशीवर तीनच शब्द: 'मला राग आलाय.' साठ किलो.

सर प्रामाणिक माणूस. त्यांनी वजाबाकी केली: राग हा नियमापेक्षा अठरा किलो जास्त खरा. इतिवृत्तात तशी नोंद करून ते चन्नव्वांसमोर मान खाली घालून उभे राहिले.

"चुकलं माझं. माफी मागतो."

"किती किलोची?"

एकसष्ट किलोची माफी टेम्पोतून उतरवताना सरांची कंबर लचकली. एक्स-रेत काहीच दिसलं नाही. सभासदांनी पलंगाशी येऊन कळवलं की, दुखणं अस्तित्वातच नाही.

"मग वरडायलंय कोण?" सर किंचाळले.

चन्नव्वांनी सभासदांना बाहेर काढलं आणि गरम तेल आणलं. कंबर चोळता चोळता त्यांना हसू फुटलं. मग सरांनाही. ते कुणी मोजलं नाही.

सुज्ञ वाचकहो, आपणही खुशाल हसावं. हसून झालं की घरच्या सुनेला एकदा विचारावं, तिच्यावरची आपली माया किती तोळ्यांवर ठरली होती.