पाळणा, पातं आणि बंद लिफ्ट

"आई, नागपूरहून पाळणा आणायचा नाही! रविवारच्या नामकरणाला माझं लेकरू मी केलेल्या सागवानी पाळण्यातच निजणार!"

वैजनाथने फोनवर सासूबाईंना ठणकावलं आणि हडपसरच्या सहाव्या मजल्यावर, लिफ्टच्या भिंतीला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत छोटा बँडसॉ, म्हणजे पट्टीसारख्या पात्याची विजेची करवत, आणून बसवला. अमेरिकेतल्या बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्याला एक पाळणा काय जड!

पण पातं सरळ जाईना. पेन्सिलची रेघ इकडे, पातं तिकडे. फळी कापली गेली ती मुठा नदीच्या वळणांची! वैजनाथची तगमग सुरू झाली. जेवताना हात ताटात, जीव पात्यात. शेवटी दोष सापडला. पात्याला दोन्ही बाजूंनी सांभाळणारे ठोकळे, म्हणजे गाईड, ढिले होते. 'मध्ये कागदाएवढी फट ठेवा,' असं यंत्राच्या पुस्तकात होतं.

"फट म्हणजे ढिलाई!" म्हणत त्याने गाईड असे आवळले, की पात्याला उसासा टाकायलाही जागा उरली नाही. मग कानांवर ऑफिसचा जाडजूड हेडफोन चढवून बटण दाबलं.

त्याला ऐकू आली डासाची गुणगुण. इमारतीला ऐकू आली शंभर मांजरांच्या शेपट्या एकाच दारात सापडल्याची किंकाळी!

दारात सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ. "लिफ्ट किंचाळतेय. आपण तांत्रिक माणूस. येता का, की अमेरिकेची परवानगी लागते?"

वैजनाथ यंत्र बंद करून गेला. लिफ्ट गप्प.

"हिचेही गाईड ढिले असणार!" हल्ली त्याला सगळीकडे तोच आजार दिसे. "बंद ठेवा. जीवाशी खेळ नको."

लिफ्टला पाटी लागली. वैजनाथ घरी येऊन गाईड आणखी आवळू लागला. मेकॅनिक आला, त्याला काहीच बिघाड सापडला नाही.

"सापडत नाही म्हणजे गंभीर आहे!" वैजनाथने निदान केलं. पाटी तशीच राहिली.

"अहो, पाळणा?" मंदाकिनीने बाळाला खांद्यावर थोपटत विचारलं.

"आधी पातं! पातं सुधारलं की पाळणा आपोआप!"

शनिवारी सासूबाई, गोदाबाई, नागपूरहून आल्या. दुखरे गुडघे, संत्र्यांची पिशवी आणि सहा मजले. चौथ्या मजल्यावर त्या पायरीवर बसल्या. बद्रीनाथ पाणी घेऊन आले. तेवढ्यात किंकाळी उठली!

"ही आमची लिफ्ट," बद्रीनाथ खेदाने म्हणाले.

"काहून जी, लिफ्ट तं बंद हाये ना? मंग हे बोंबलते कोन?"

बद्रीनाथांनी हळूच वर पाहिलं. मग गोदाबाई पुढे, बद्रीनाथ मागे आणि वाटेत भेटेल तो बिऱ्हाडकरू त्यांच्यामागे, अशी वरात वैजनाथच्या दारात थडकली.

वैजनाथला वाटलं, कौतुकाला आले. हेडफोन उतरवून त्याने फळी उंच धरली. "बघा! केसाएवढीही वाकडी नाही!"

"वा! आणि पाळणा?" बद्रीनाथांनी विचारलं.

"ही काय! पहिली फळी!"

रविवारी गोदाबाईंनी आपल्या लुगड्याच्या मऊ जुनेराची झोळी बांधली. त्रिशरण-पंचशील झालं, बाळाचं नाव ठेवलं. गोदाबाई झोका देत गुणगुणू लागल्या,

"हाले माझी झोळी, हाले रानवारा,
निज रे पाखरा, चांद देतो पहारा..."

बाळाच्या पापण्या मिटल्या. घरदार श्वास रोखून उभं राहिलं.

वैजनाथला मात्र राहवेना. तो झोळीखाली वाकला, एक डोळा मिटून पाहू लागला आणि कुजबुजला, "आई, ही डावीकडे जरा ओढतेय. दोन्ही बाजूंनी दोन ठोकळे लावले तर..."

बाळ जागं झालं. आणि ही किंकाळी त्याला हेडफोनशिवाय ऐकावी लागली!