नान्हे गुरुजींची मान

आमचे शेजारी नान्हे गुरुजी गळ्यात काहीही घालत नाहीत. जानेवारीत साकोलीला जंगलाकडून असा गार वारा येतो की मी दोन स्वेटर एकावर एक चढवते. गुरुजी मात्र उघड्या मानेने स्कूटरवर शाळेत जातात. मफलर नाही, रुमाल नाही. शिक्षकदिनी सत्कार झाला, तेव्हा त्यांनी हार हातात घेतला आणि मेथीची जुडी धरावी तसा घरी आणला. त्यांच्या बायकोचं, सुनंदाचं म्हणणं, "लग्नातला हार तेवढा घातला जी यायनं. तोही जेवाच्या आधी काढून ठेवला."

मुलांनो, तुम्ही मागे आला होता, तेव्हा ईशानने त्यांना आपल्या शाळेचा टाय दाखवला आणि ते दोन पावलं मागे सरकले. आठवतं? तेच हे गुरुजी.

ते इथल्या जिल्हा परिषद शाळेत मुलींना लेझीम शिकवतात. बावीस मुली आहेत, आणि त्या बावीस मानांची काळजी त्यांना स्वतःच्या मानेइतकीच. "मान रिकामी दिसली का कोनी ना कोनी काही घालतेच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून कुठल्याही कार्यक्रमाला निघताना प्रत्येकीच्या गळ्यात पाण्याची बाटली आणि शाळेचं ओळखपत्र असतं. खेळताना बाटल्या कमरेवर आपटतात, ताल चुकतो. गुरुजींना ते चालतं.

एकदा मी कारण विचारलं. ते चौथीत असताना गावात एक पुढारी आले होते. शाळेची पोरं नाचायला नेली आणि कुणीतरी यांच्या गळ्यात पक्षाचा दुपट्टा घातला. फोटो निघाला. वडील गावतलावात मासे धरणारे, आणि गावात दुसऱ्या पक्षाच्या बाजूचे. "वर्षभर बाबासंग कोनी जाळं नाई धरलं, बाई. अन् मले तं त्या कापडाचा रंग आवडला होता."

गेल्या मार्चमध्ये मुख्याध्यापिकाबाईंना फोन आला. पक्षाचे मोठे नेते येणार, स्वागताला लेझीम पाठवा. गुरुजी म्हणाले, लेखी द्या. बाई म्हणाल्या, "लेखी कोन देते जी? फोन आला म्हनजे आला."

त्या संध्याकाळी गुरुजी तीनदा आमच्या ओसरीवर येऊन गेले. बसले एकदाही नाहीत.

"नाई म्हटलं तं बदली. हो म्हटलं तं पोरी."

"मग काय करणार?"

"बाटल्या मोठ्या घेतो."

मला राहवेना, म्हणून मीही मैदानावर गेले. अकराची वेळ दिली होती, दीड वाजला तरी नेत्यांचा पत्ता नव्हता. मांडव पाहुण्यांसाठी, मुली उन्हात. गुरुजी दर दहा मिनिटांनी मुली मोजत होते. तेवढ्यात एक कार्यकर्ता दुपट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आला.

"गुरुजी, काढा ना त्या बाटल्या. फोटोत चांगलं नाई दिसत. हे घाला पोरींले."

गुरुजींच्या कपाळावरून घाम ओघळला. मग ते म्हणाले, "घालतो न, भाऊ. पन पोरी घामाघूम आहेत, कपडा खराब होईन. गाडी दिसली का वाटतो. तवरिक माह्या गळ्यात टाका."

"तुमच्या?"

"टाका, टाका. सगळे टाका."

आणि गुरुजींनी मान पुढे केली. एकावर एक बावीस दुपट्टे पडले. वर चष्मा तेवढा दिसत होता. नेते आले, ताशे वाजले, मुली बाटल्या आपटत नाचल्या. कार्यकर्ता लांबून हातवारे करत होता. गुरुजी "हो, हो" म्हणून मान हलवत राहिले. दुपट्टे वाटायला त्यांना काही सवड झाली नाही.

फोटो निघालाच, पण गुरुजींचा. रात्रीपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला होता. चौथ्या दिवशी नोटीस आली: सरकारी शिक्षक असून पक्षाचे दुपट्टे का घातले? तीन दिवसांत खुलासा द्या.

अर्ज लिहायचा झाला की आमची गल्ली माझ्याकडे येते. गुरुजीही आले. नोटिशीचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, "आपण खरं ते लिहू. मुलींच्या गळ्यात पडू नयेत म्हणून घेतले."

"नाई, बाई. मंग विचारतीन, पोरी आनल्या कोनी? म्याडम अडकते. पोरींच्या मायबापाले बलावतीन, जबाब घेतीन. कोन कोनाच्या बाजूचा, तेच सुरू होते गावात."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईन तं जाईन. तुमी लिहा का, मले उन्हाचा तरास आहे. गळ्याशी कापड घ्याची जुनी सवय आहे."

जुनी सवय! माझं पेन थांबलं. खोटं बोलू नये, हे मी तुमच्या बाबाला आणि तुम्हालाही पट्टी हातात घेऊन शिकवलं. पण मी ते वाक्य लिहिलं. वळणदार अक्षरात, समास सोडून लिहिलं. गुरुजींनी सही केली.

कचेरीतून अजून उत्तर आलेलं नाही. पोस्टमनची सायकल वाजली की मी आणि सुनंदा दोघी दारात येतो.

खुलासा दिल्याच्या दुसऱ्या सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. गुरुजींच्या गळ्यात सुनंदाने विणलेला लोकरीचा मफलर होता, दोन वेढे घेतलेला. गेली कित्येक वर्षं तो ट्रंकेत होता. ऊन चटचट लागत होतं. गुरुजी एक बोट आत घालून सारखा तो सैल करत होते.

"हे काय, गुरुजी?"

"कोनी चौकशीले आलं तं? तुमच्या हातचं लिहिलेलं खोटं नाई पडलं पाहिजे, बाई."

शेजारची सातवीतली पिंकी दप्तर घेऊन बाहेर आली आणि पाहतच राहिली. "गुरुजी, गरम नाई होऊन राहिलं काय?"

"थंडी वाजून राहिली, माय," गुरुजी म्हणाले. "तुही बाटली कुठं आहे?"